जे. कॅश्टींची चरखी

भीमराजनं पहिली चरखी घरी आणली तेव्हा जयमालावहिनींनी दोनच दिवसांत ती कामाला लावली. परकराची नाडी तिच्यावर गुंडाळून ठेवली. संध्याकाळी कामावरून आलेला भीमराज ते बघून मटकन खालीच बसला.

"अगं, शंभर वर्सांची वस्तू हाय ती!"

"मंग काय झालं? नाडी नवीच हाय," वहिनी म्हणाल्या.

ही ब्याण्णव सालची गोष्ट. नागापूरच्या एमआयडीसीत आसारामशेठचं छोटं वर्कशॉप होतं. तिथं भीमराज लेथवर टर्नर आणि मी, गोरक्ष, शेजारच्या मिलिंग मशीनवर. आठ वर्षं आम्ही एकाच डब्यात जेवलो. त्याच्या हातासारखा हात मी पुन्हा पाहिला नाही. मायक्रोमीटर लावायच्या आधी तो बोटानं जॉब, म्हणजे घडवलेला तुकडा, चाचपायचा आणि माप सांगायचा. मी मुद्दाम तपासून बघायचो. एकदाही त्याला खोटं पाडता आलं नाही, आणि मला ते फार लागायचं.

आता ही चरखी म्हणजे काय, ते सांगतो. इंग्रजांना मासे धरायचा एक वेगळाच नाद होता. गळाला गांडूळ न लावता पिसांची, दोऱ्याची खोटी माशी बांधायची, ती पाण्यावर अलगद फेकायची, आणि मासा फसला की दोरा गुंडाळत यायचं. तो दोरा ज्यावर गुंडाळतात ती पितळी चरखी, म्हणजे रीळ. जुन्या काळी कारागीर ती एकेक हातानं घडवत.

भीमराजचे वडील कचरूबाबा तरुणपणी भिंगारच्या कॅम्पात एका कप्तानाकडं कामाला होते. कप्तान पेडगावला भीमेवर मासे धरायला जायचा, तेव्हा सगळं सामान बाबांच्या डोक्यावर. काठी, टोपली, खुर्ची, सगळं. फक्त चरखी कप्तानाच्या खिशात. 'हात मत लगाना' हे हिंदी बाबांना तेवढ्यामुळं पाठ झालं होतं. पण तिचा आवाज त्यांनी उचलला होता. घरात नातवंडं जमली की बाबा जिभेनं हुबेहूब कर्र्र वाजवून दाखवायचे.

बाबा गेल्यावर तीन वर्षांनी छगन भंगारवाल्याच्या गोदामात भीमराजच्या हाताला एक काळपट पितळी चकती लागली. मूठ फिरवली आणि तोच आवाज आला. भीमराजनं ती खाली ठेवलीच नाही.

मग वेडच लागलं. छगनला त्यानं सांगून ठेवलं, जुन्या बंगल्यातलं सामान आलं की आधी मला दाखव. कधी शिलाई मशीनचा भाग म्हणून, कधी ग्रामोफोनचा म्हणून छगन काहीबाही काढून ठेवायचा, आणि त्यातून वर्षाकाठी चारपाच चरख्या निघायच्या. चार वर्षांत एकोणीस झाल्या. बुद्धाच्या तसबिरीखालच्या फळीवर त्या ओळीनं मांडलेल्या असत. वहिनी त्यांना भोवरे म्हणत. भीमराज मात्र एकेक खोलून कानशीचे ओरखडे वाचायचा. "ह्यो गडी डावखुरा हुता बघ," म्हणायचा. "आन् ह्याला घरी जायाची घाई झाल्ती. शेवटचा स्क्रू कसा मारलाय!"

शहाण्णव साली छगननंच बातमी आणली. सावेडीला आप्पासाहेब म्हणून एक निवृत्त इंजिनिअर राहतात, त्यांच्याकडं अशा चाळीस चरख्या आहेत. पुढच्या रविवारी भीमराज इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या लुनावर मागं बसला.

आप्पासाहेबांचं काचेचं कपाट होतं, आत निळी मखमल आणि प्रत्येक चरखीपुढं टाईप केलेली चिठ्ठी. भीमराजचे डोळे लहान पोरासारखे झाले. त्यानं हात पुढं केला.

"अंहं, हात नको लावूस," आप्पासाहेब म्हणाले. "घामानं पितळ काळं पडतं."

हात मागं आला. भीमराज वाकून वाकून बघत राहिला. आप्पासाहेबांनी एक चरखी फिरवून दाखवली तेव्हा तो म्हणाला, "साहेब, हिची स्प्रिंग उलटी बसलीय. म्हनून अडखळतीय."

आप्पासाहेब हसले. स्वभावानं वाईट नव्हते, पण हसले. "तू टर्नर ना? मशीनवर नट-बोल्ट करणं वेगळं, हे वेगळं. इंग्रज कारागिराच्या हातचं काम ओळखायला नजर लागते. माझ्या हातात डोळे मिटून कुठलीही चरखी दे, खरी की खोटी सांगतो."

परतताना मी लुना सावकाश चालवली. मला वाटलं, भीमराजला अपमान लागला. नागापूर जवळ आलं आणि पाठीमागून खुसखुस ऐकू यायला लागली.

"डोळे मिटून सांगतो म्हनला न्हवं?"

"म्हणाला."

"मंग आपुन त्याला एक देऊ की!"

आसारामशेठनं जेवणाच्या सुट्टीत लेथ वापरायला परवानगी दिली, कशासाठी हे न विचारता. भीमराजनं जुन्या पितळी समईचं बूड घेतलं, गजराच्या घड्याळाची स्प्रिंग काढली. सगळे स्क्रू हातानं केले, तेही इंची आट्यांचे, कारण इंग्रजांची मापं इंचातली. "मिलिमीटरचा आटा घातला तर पयल्याच दिवशी धरला जाईन," म्हणाला. लेथवर आलेली चकाकी त्यानं कानशीनं घालवली. मुठीसाठी शिंग हवं होतं. वहिनींचं माहेर काष्टीचं. तिथल्या शनिवारच्या बाजारात शिंगाच्या फण्या करणारा एक म्हातारा बसायचा, त्याच्याकडून म्हशीच्या शिंगाचा तुकडा आणला. तीन महिने लागले. मला राहवेना, मी रोज फिरवून बघायचो. लोणी कापल्यासारखी फिरायची.

"नाव काय घालायचं?" मी विचारलं.

भीमराजनं धातूवर अक्षरं ठोकायचे पंच काढले. आधी बायकोच्या नावातला इंग्रजी जे. पुढं तिचं गाव, काष्टी. पण काष्टीचं शेपूट त्यानं बदललं, आय काढून ई आणि वाय लावले. वाचलं तर जे. कॅश्टी. खाली लंडन वगैरे काही नाही.

"खोटं लिव्हायचं न्हाई," तो गंभीरपणे म्हणाला. "ज्याला जे वाचायचं ते त्यानं वाचावं."

आता तिला म्हातारी करायची होती. त्यासाठी ती आमच्या कर्जतकडच्या वस्तीवर उकिरड्यात पुरली. खताच्या वाफेनं पितळ झकास हिरवं-काळं पडतं. पण पुरताना माझ्या आईनं, बनुबाईनं, बघितलं. तिला वाटलं, पोरांना कुठंतरी मोहरा सापडल्या. पुढचा महिनाभर ती काठी घेऊन उकिरड्याशेजारी बसून राहिली. भाऊबंदांना पाटीभर शेणखत उचलू दिलं नाही. आम्ही उकरायला गेलो तेव्हा ती पदर सावरून पुढं झाली. फडक्यातून चरखी निघाली.

"ह्येच?" आई म्हणाली. "ह्याच्यापायी मी जावेशी भांडले?"

मग ती आप्पासाहेबांना दिसेल अशी छगनच्या गोदामात ठेवली आणि छगनला दोन ताकिदी दिल्या. किंमत भंगाराच्या वजनाची, वर रुपाया नाही, आणि तोंडातून इंग्रजांचं नाव काढायचं नाही. छगननं दोन्ही पाळलं. आप्पासाहेबांनी गंजक्या कड्या-कोयंड्यांच्या ढिगातून चरखी स्वतः उचलली, फिरवली, वजनाचे पैसे दिले आणि ती खिशात टाकून घाईघाईनं निघून गेले. मागं वळून पाहिलं नाही.

आठच दिवसांत आप्पासाहेबांनी छगनकरवी आम्हाला बंगल्यावर बोलावलं. कपाटात सगळ्यात वरच्या खणात, एकटीच, जे. कॅश्टी बसलेली.

"हे बघ," आप्पासाहेब भीमराजला म्हणाले. "याला म्हणतात काम. हे घराणं फार थोड्या वस्तू करायचं. म्हणून तर कुठल्या पुस्तकात सापडत नाही."

भीमराजचा हात आपोआप पुढं गेला.

"अंहं. हात नको लावूस."

मी तोंडात रुमाल कोंबला आणि खोकल्याचं सोंग करत अंगणात पळालो. भीमराज पाच मिनिटांनी आला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि हसून हसून त्याला लुनावर बसता येईना.

इथवर सगळी गंमत होती. सत्त्याण्णवच्या जानेवारीत शहरातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये छंदांचं प्रदर्शन भरलं. नाणी, काडेपेट्या, पोस्टाची तिकिटं आणि मधोमध आप्पासाहेबांचं टेबल. भीमराज वहिनींना घेऊन आला. त्यांना तो 'एक गंमत दाखवतो' एवढंच बोलला होता. टेबलाच्या मधोमध जे. कॅश्टी, पुढं चिठ्ठी: जे. कॅश्टी, लंडन, अंदाजे १८६५, मूठ स्कॉटलंडच्या हरणाच्या शिंगाची.

गर्दीतल्या एका प्राध्यापकांनी भिंग लावून बघितलं. "काय सफाई आहे! आपल्याकडे कुणाला जमलं असतं का हो?"

"आपल्याकडे?" आप्पासाहेब म्हणाले. "शंभर वर्षं घासली तरी नाही."

मी भीमराजकडं बघितलं. त्याचं हसू गेलं होतं. आम्ही ठरवलं होतं की शेवटपर्यंत गप्प बसायचं. मी त्याची बाही ओढली, पण तो पुढं सरकला होता.

"साहेब, ते हरीन न्हाई. म्हैस हाय. काष्टीच्या बाजारातली."

"काय?"

"चरखी म्या केलीय."

आप्पासाहेबांच्या कपाळाला आठी पडली. "भीमराज, थट्टेला जागा असते. तू हिला कधी हातसुद्धा लावलेला नाहीस."

"लावू का आता?"

लोक जमले होते. नाही म्हणायची सोय उरली नाही. भीमराजनं चरखी उचलली, माझ्याकडून चार आण्याचं नाणं मागून घेतलं आणि डोळे मिटले. मिटूनच नाण्यानं स्क्रू सोडवले. चकती, कणा, खटका, स्प्रिंग, एकेक भाग टेबलावर ओळीनं मांडला. हॉलमध्ये तिकिटंवालेसुद्धा उठून आले. मग त्याच मिटल्या डोळ्यांनी त्यानं सगळं पुन्हा जोडलं आणि मूठ फिरवली. कुठंही अडखळली नाही.

आप्पासाहेबांचा चेहरा पांढरा पडला. तरी त्यांनी शेवटचा धागा धरला. "आणि हे जे. कॅश्टी कोण मग?"

वहिनी इतका वेळ चिठ्ठीवरची अक्षरं जुळवत होत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या. त्यांनी नवऱ्याकडं पाहिलं, पदर तोंडाला लावला आणि मग न राहवून हात वर केला, शाळेत हजेरी देतात तसा.

"मी हाय," त्या म्हणाल्या. "जयमाला. माझं म्हायार काष्टी."

हॉल हसून कोसळला. प्राध्यापक तर भिंग हातात घेऊन खाली बसले. आप्पासाहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी चिठ्ठी उचलली, चार घड्या करून खिशात घातली आणि टेबल तसंच सोडून निघून गेले.

भीमराजनं त्या रात्री जेवण नीट केलं नाही, असं वहिनींनी मला सांगितलं. "म्हातारं मानूस गेलं तसं. टेबलावरचं सामानसुदिक घेतलं न्हाई," एवढंच तो म्हणाला. सामान आम्हीच बांधून बंगल्यावर पोचवलं. दार नोकरानं उघडलं.

तीन आठवडे गेले. एक दिवस दुपारी वर्कशॉपसमोर बजाजची स्कूटर थांबली. आप्पासाहेब उतरले, बूट तेलात माखत लेथपर्यंत आले. हातात डबा होता. त्यांनी तो उघडला आणि आतली चरखी उचलून सरळ भीमराजच्या काळ्या, ग्रीस लागलेल्या तळव्यावर ठेवली.

"स्प्रिंग उलटी आहे म्हणाला होतास. दाखव."

भीमराजनं दाखवली. खरंच उलटी होती. सरळ केल्यावर चरखी अशी पळाली की आप्पासाहेब स्टुलावर बसले आणि आसारामशेठनं मागवलेला चहा न मागता प्यायले. जाताना म्हणाले, "मी चिडलो ते फसलो म्हणून नाही. तू खोटं एक अक्षर लिहिलं नव्हतंस आणि मी चारशे शब्दांचा लेख लिहून बसलो होतो. छापायला दिला होता रे! परत आणताना काय काय सांगावं लागलं."

त्यानंतर दर रविवारी दोघं एकत्र. भांडायचे मात्र फार. कपाटातली नवी चिठ्ठी आप्पासाहेबांनी स्वतः टाईप केली: भीमराज कचरू, नागापूर, १९९६. मूठ, म्हैस.

एकदा बोलता बोलता उघड झालं की दोघांच्या मिळून साठ चरख्या, पण मासा दोघांनीही कधी धरलेला नाही. हे लाजिरवाणं होतं. लगेच आम्ही तिघं आप्पासाहेबांच्या ओळखीच्या जीपनं घोड धरणावर गेलो. आप्पासाहेबांनी पुस्तक उघडून सूचना वाचायच्या आणि भीमराजनं काठी फिरवायची, असं ठरलं. पहिल्या फेकीत पिसांची माशी बाभळीला अडकली. दुसऱ्या फेकीत आप्पासाहेबांची टोपी उडून धरणात पडली. पाचव्या फेकीला काठाला धुणं धुणाऱ्या बायका धुणं टाकून बघायला आल्या. त्यातल्या एकीनं, "अवो, जाळं हाय आमच्याकडं, देऊ का?" असं विचारलं. दोघांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

दुपार कलली. रिकाम्या हातानं घरी जाणं तर शक्यच नव्हतं. वहिनींना सकाळी मसाला वाटून ठेवायला सांगितलं होतं. शेवटी कानिफनाथ नावाच्या कोळ्याकडून दोन किलोचा कटला घेतला. वाटेत दोघांनी गोष्ट घोटून पक्की केली: मासा कुठं लागला, किती वेळ झुंजला, दोरा कुणी ढिला सोडला. आप्पासाहेबांनी मला बजावलं, तू फक्त मान हलव.

वहिनींनी सगळी झुंज शांतपणे ऐकून घेतली. मी मान हलवली. मग त्यांनी मासा ताटात उलटा केला, पोटाची चीर दोन बोटांनी उघडून आत बघितलं आणि आप्पासाहेबांना अगदी आदरानं विचारलं,

"साहेब, घोड धरणात मासे साफ करूनच सोडत्यात व्हय?"