न बसलेली कडी
मालवणी मसाल्याची बरणी उघडली की मला काकांचं चाकांवरचं घर आठवतं. मुंबईहून ते मोटरहोम घेऊन गावी आले, आम्हाला घेऊन दोडामार्गला निघताना गाडीपुढे नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालून घेतलं, चारही चाकांखाली लिंबं चिरडली आणि अख्ख्या वाडीला आतला फ्रीज दाखवला. तिथे दिलेल्या लेकीसाठी आत्याने आठवडाभर खपून वर्षाचा मसाला केला होता. ती काचेची बरणी वरच्या कपाटात ठेवत ती म्हणाली, "रे, ह्या कपाटाक सुंभान बांधून घे." काका हसले. "गो, ही काय तुझ्या रांधपाच्या खोलीतली फळी आसा? फॉरेनची कडी ती, आपसूक बसता!" कडी अर्धवटच बसली होती. मला ते दिसलं, पण चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझी जीभ जड होते. बांद्यापुढच्या वळणावर कपाट उघडलं, बरणी फुटली आणि एसीच्या वाऱ्याने मसाला सगळ्यांच्या डोळ्यांत गेला. काका गाडी थांबवून आत्यावर ओरडले, "माझ्या सीटचा काय केलंस ता बघ!" आत्या खाली बसून मसाला मुठीने गोळा करत होती, पण प्रत्येक मुठीत काच चमकत होती. काकांचा मला अजून तिटकारा आहे. पण त्यांनी त्या कडीकडे पाहिलंच नव्हतं. मी पाहिलं होतं.