खिडकीकडे तोंड करणाऱ्या वकीलबाई

भाईंदर वेस्टला एका वकीलबाईंच्या काचेच्या केबिनबाहेर मी मोरवा गावच्या माझ्या काकांना घेऊन बसले होते. एका कंपनीने खोटा नफा दाखवून शेअर विकले होते, आणि त्यात पैसे बुडालेल्या सगळ्यांची मिळून एकच केस या बाई लढवत होत्या. काकांना त्या केसमध्ये आपलं नाव घालायचं होतं.

आतलं ऐकू येत नव्हतं, पण दिसत होतं. प्रत्येकाशी दोन वाक्यं बोलून बाई खुर्ची फिरवायच्या आणि खिडकीकडे तोंड करून बसायच्या. काय उर्मट बाई आहे! आणि एवढं काय बघते तिकडे?

आमचा नंबर आला. त्यांनी काकांना विचारलं, "घरी माहितीये?"

"न्हाय."

"मग आधी फोन करा. कंपनीच्या वकिलांचं मला काही वाटत नाही हो. घरी केसची नोटीस पोचली, की आपल्याच बाजूची माणसं लाजेने नाव काढून घेतात."

एवढं बोलून त्यांनी खुर्ची फिरवली. काकांनी काकूला फोन लावला आणि बोलता बोलता त्यांना रडू फुटलं. बाई वळल्या नाहीत.

मग मीही खिडकीकडे बघायला लागले. बाहेर हाताच्या अंतरावर शेजारच्या बिल्डिंगची भिंत होती.