मागचा ठिपका पुढे गेला तेव्हा

इंदूवन्सं गेल्या, हे पुतण्याने नेवाशाहून फोनवर सांगितलं तेव्हा मी नातीशी पत्ते खेळत होते आणि लबाडी करून जिंकत होते. पानं हातात तशीच राहिली… त्याला आता पाच आठवडे झाले.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही. नेवाशाच्या मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या आणि आमच्यातच राहायच्या. मी कोपरगावची, साखर कारखान्याजवळ वाढलेली, अकरावी पास. सासरी आले तेव्हा नाक इतकं वर, की आकाश बघायला मान उचलावी लागली नसती.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या हिवाळ्यात वन्संनी मला माळवदावर नेलं. सूर्य नुकताच बुडालेला. वायव्येकडून एक ठिपका संथ सरकत आला आणि त्याच वाटेने, थोड्या अंतराने, दुसरा. हा मंद आणि मधूनच लुकलुकणारा. मी मोठ्या ज्ञानाने म्हटलं, विमानं असतील. पुढचा परदेशातला उपग्रह होता आणि मागचं त्याला वर नेऊन सोडणाऱ्या रॉकेटचं रिकामं नळकांडं. वन्सं रोज त्या दोघांमधलं अंतर मोजायच्या. पुढचा एका ठरलेल्या ताऱ्याशी आला की शाळेतलं शर्यतीचं स्टॉपवॉच सुरू, मागचा तिथेच आला की बंद. पण ते नेमके कुठे आहेत हे कसं कळणार, असं मी विचारलं.

“ते नकोच आहे आपल्याला. एकापासून दुसरा किती लांब, एवढं पुरे.”

हळूहळू काही संध्याकाळची मोजणी मीही करू लागले. अंतर रोज घटत होतं. मागचा ज्या संध्याकाळी पुढे जाईल, ती संध्याकाळ वन्संना आधीच सांगायची होती. पुण्याच्या एका प्राध्यापकांनी कळवलं होतं, तुमचं भाकीत बरोबर आलं तर यापुढे तुमची निरीक्षणं वापरू. पत्राचा मायना ‘श्रीयुत’ असा होता. वन्संनी तो मला दाखवला आणि पत्राची घडी घातली.

शेवटच्या मोजणीच्या दिवशी त्या तापाने खाली अंथरुणावर पडलेल्या. माळवदावर मी एकटी. पुढचा ठिपका ताऱ्याशी आला, मी खटका दाबला. तेवढ्यात खाली सासूबाईंनी देवापुढे दिवा लावला, जिन्यातून उजेड दिसला… आणि लहानपणापासूनच्या सवयीने मी डोळे मिटून हात जोडले. स्टॉपवॉचसकट! तळव्यांत खटका दाबला गेला. डोळे उघडले तर मागचा ठिपका तारा ओलांडून गेलेला. खाली येऊन मी काट्यावरचा आकडा खणखणीत आवाजात सांगितला. दिव्याला नमस्कार करताना उपग्रह हुकला, हे अकरावी पास बाईने सांगायचं तरी कसं?

त्या आकड्यावरून वन्संनी तापातच आकडेमोड करून कार्डावर ‘गुरुवार’ लिहिलं. सकाळी ते टपालपेटीत टाकायला माझ्याच हातात दिलं. पेटीपाशी मी ते उलटून पाहिलं. सहीआधी ‘कुमारी’ हा शब्द त्यांनी दोनदा गिरवला होता. मी तशीच माघारी आले आणि सगळं सांगून टाकलं.

“हात जोडलेस, शकू?” वन्संनी विचारलं.

“हो.”

“बाकीचे आकडे?”

“खरे आहेत, वन्सं. तुमची शपथ.”

“शपथ नको. हो की नाही, तेवढं सांग.”

“हो.”

त्यांनी वहीतल्या त्या आकड्यावर रेघ मारली, वहीत आणखी काहीतरी खरडलं, पुन्हा आकडेमोड केली आणि नव्या कार्डावर ‘शुक्रवार’ लिहिलं. मग दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

गुरुवारी लुकलुकणारा अजून मागेच होता, पण जेमतेम श्वासभर. शुक्रवारी सासूबाईही गुडघे धरत वर आल्या. वायव्येला आधी उगवला तो लुकलुकणारा! त्याच्या अगदी पाठीला लागून दुसरा.

“मागला फुडं आला की गं,” सासूबाई म्हणाल्या. “कुनी ढकललं त्याला?”

“कुणी नाही, आई. तिथली विरळ हवा त्याला जास्त अडवते. अडला की तो खाली येतो, आणि खाली आला की त्याचा वेग वाढतो.”

अडवल्यावर वेग वाढतो… मी आकाशाकडे बघावं की वन्संकडे, मला कळेना. एवढ्या उंचावरच्या त्या दोन धावत्या वस्तूंना एकमेकांचा पत्ता नव्हता. तो नेवाशातल्या मातीच्या माळवदावर, तापातून उठलेल्या एका बाईला ठाऊक होता. आता उपग्रहांचे थवेच्या थवे उडतात आणि कोण कुणापासून किती लांब हे आपलं आपणच क्षणोक्षणी मोजतात, असं पुतण्या सांगतो. मला त्याचंही नवल वाटतं. पण त्या संध्याकाळी अंगावर काटा आला होता, तसा येत नाही.

प्राध्यापकांचं पुढचं पत्र आलं, ते ‘कुमारी’ लिहून. माझ्या चुकीचा विषय मात्र आमच्यात पुन्हा कधी निघाला नाही. वन्संनी माफ केलं असेल, की नुसतंच सोडून दिलं असेल… विचारायचं धाडस या तोंडाळ बाईला पन्नास वर्षांत झालं नाही.

वन्संचं दिवसकार्य झाल्यावर पुतण्याने त्यांची वही माझ्या हातात ठेवली. ते पान मी घाबरतच उघडलं. आकड्यावर रेघ होती. शेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘शकूने स्वतः येऊन सांगितले. तिच्या इतर सर्व नोंदी ग्राह्य.’ आणि प्रत्येक नोंदीपुढे लिहायच्या तशी वेळही होती, सकाळी सव्वानऊ. म्हणजे त्या दिवसभर मी ज्या अबोल्यापायी चुलीपुढे रडत बसले होते, तो सुरू होण्याआधीच त्यांनी हे लिहून ठेवलं होतं.