पिवळ्याचा दगड

"ह्या बाईच्या अंगावर कागद कोराच सोडलाय बघ. असं कराय छाती लागती," उस्ताद म्हणाले.

मी पोस्टरकडे पाहिलं. बाईचा झगा चांगला लिंबासारखा पिवळा होता.

साताऱ्यात एका शाळेच्या हॉलमध्ये हे प्रदर्शन भरलं होतं. फ्रान्समध्ये राहून आलेल्या एका निवृत्त इंजिनियरांनी एकोणिसाव्या शतकातल्या एका फ्रेंच पोस्टरवाल्याची अस्सल छापील पोस्टरं जमवली होती. नाचघरं, सर्कस, दिव्याचं तेल, आणि सगळीकडे हसऱ्या बायका. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस, बघायला जेमतेम दहा माणसं. आमचा छापखाना सांगलीचा. एका हळदीच्या पेढीचं लेबल करायचं होतं, म्हणून मालकांनी आम्हा दोघांना "तो पिवळा कसा वापरतो ते बघून या," असं सांगून पाठवलं होतं.

आमची छपाई लिथोची, म्हणजे दगडावरची. गुळगुळीत दगडावर तेलकट खडूनं उलटं चित्र काढायचं. दगड ओला ठेवला की शाई फक्त चित्राला धरते. प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागतो, आणि आमच्याकडे पहिला पिवळ्याचा.

दस्तगीर उस्तादांनी हे काम तीस वर्षं केलं होतं. मी त्यांच्याच हाताखाली शिकलो. त्यांना पिवळाच दिसत नाही, हे मला तिथं कळलं.

तेवढ्यात इंजिनियर आले. माहिती देता देता त्या पोस्टरवाल्याविषयी म्हणाले, "बिचाऱ्याची दृष्टी म्हातारपणी गेली."

"मग त्येचं काम कोण करायचं?" उस्तादांनी विचारलं.

"तोवर नाव, मानमरातब सगळं मिळालं होतं. काम करायची गरज कुठं होती?"

 उरलेल्या पोस्टरांसमोरून आम्ही न थांबता पुढे गेलो.

परतीच्या मोटारीची वाट बघताना त्यांनी विचारलं, "इष्णू, त्यो झगा कोरा न्हवता न्हवं?"

"न्हाई उस्ताद. पिवळा हुता."

"मालकास्नी बोलू नगंस गड्या. डोळं गेलं म्हणलं की घरी बसवत्यात. मला दुसरं कायबी येत न्हाई. पिवळं तेवढं तू बघ."

मी शब्द दिला. खरं सांगायचं तर मला स्वतःचं कौतुकही वाटलं.

हळदीच्या लेबलाचा पिवळ्याचा दगड मी केला. पेढीवाले प्रूफ बघून म्हणाले, "उस्ताद, हात हाय तुमचा!" उस्ताद खाली मान घालून हसले. पुढे लालचा दगडही माझ्याकडे आला, मग बारीक रेघा. मी इतकं बेमालूम झाकलं की कुणाला शंका आली नाही. उस्तादांनाही वाटायला लागलं, आपलं चाललंय की ठीक.

एका दुपारी मालक आमच्या खोलीत आले. उस्ताद दगडावर वाकून मन लावून खडू फिरवत होते. त्या दगडावर मी आदल्या दिवशी पुरं केलेलं चित्र होतं. त्याच्यावरच ते दुसरं काढत होते.

मालकांनी ते पाहिलं. मग मला बाहेर नेऊन म्हणाले, "किती दिवस चाललंय हे?"

"साताऱ्याला गेलो तेव्हापासून."

"म्हणजे आठ महिने."

मालकांनी स्वतः त्यांना मिरजेला नेलं. मीही गेलो. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "डावा गेला. उजव्याचं बघू. सात-आठ महिने आधी आणलं असतं तर बहुतेक दोन्ही राहिले असते."

"मला सांगितलं असतंस तर मी काय हाकलणार होतो त्यांना?" मालक मला म्हणाले. कदाचित हाकललंही असतं. मला ते अजून ठरवता येत नाही. पण डॉक्टरकडे तरी नेलं असतं. आठ महिन्यांत मी एकदाही उस्तादांना "डोळे दाखवून येऊ या" असं म्हटलं नव्हतं.

उस्ताद बाकावर बसले होते. त्यांनी चाचपत माझा हात धरला. म्हणाले, "लय सांभाळलंस रं मला."

इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही.

उजवा डोळा राहिला, पण दगडावर काम करण्याइतका नाही. ते पुन्हा छापखान्यात आले नाहीत. त्यांची जागा मला मिळाली. आता हाताखालचा कुणी प्रूफ नाकाशी नेऊन बघायला लागला, की मी त्याच दिवशी मालकांना सांगतो. कामगार मला चहाडखोर म्हणतात. म्हणोत.