कर्शाची कडी

“कडी कुठंय? आई, ह्याची कडी कुठंय?”

मी ओरडत होतो. खालच्या मजल्यावरच्यांनी टीव्ही बंद केला. गच्चीवरची कबुतरं उडाली ती थेट इराणात उतरली असावीत. सासूबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. लक्ष्मीपूजनाचा पाट मांडला होता, पाटावर तांदळाची रास, राशीवर माझा कर्श, चांदीचं जुनं नाणं. आणि कर्शावरच्या परदेशी राणीच्या कपाळाला कुंकू.

“कसली कडी?”

“वरच्या अंगाला. अर्धी तुटलेली. तांब्याचा डाग दिलेली.”

“ते होय. बोचत होतं हो हाताला. काढलं मी.”

“काढलं म्हणजे?”

“पकडीनं. मग तुमच्याच डब्यातली छोटी कानस घेतली आणि घासलं. हात फिरवून बघा, कुठं टोक राहिलंय का.”

मी हात फिरवला. इथं ओमानात, रुसैलच्या कारखान्यात माझं कामच ते. कापलेल्या पाइपाच्या कडेवर बोट फिरवायचं, धातूचा कण जरी लागला तरी माल परत पाठवायचा. माझ्या बोटातून सुटलेला कण अजून जन्माला आलेला नाही, असं मी जेवताना रोज सांगतो आणि सासूबाई भक्तिभावानं ऐकतात. इथं काहीच लागलं नाही. इतकी सफाई आमच्या तीन शिफ्टमध्ये मिळून कुणाला साधली नसती. मीच पास केला असता तो माल, म्हणून आणखी पेटलो.

मला शुक्रवारी मशीन घेऊन किनाऱ्यावर फिरायचा नाद आहे. मशीन म्हणजे मेटल डिटेक्टर, बायकोच्या भाषेत काठीला लावलेलं ताट. किल्ल्यांच्या आणि पडक्या वस्त्यांच्या आसपास ते न्यायचं नाही, असा इथला कायदा आहे आणि तो मी पाळतो. वाळूत मात्र मी पाच वर्षांत डब्यांच्या कड्याच इतक्या काढल्या, की त्यांची साखळी ओवून ओमानचा अख्खा किनारा रत्नागिरीच्या धक्क्याला बांधता आला असता. नाणं म्हणाल तर चालू पैसे. बायको विचारायची, “आज काय, शिवकालीन की सुपरमार्केटकालीन?”

आमच्या स्टोअरचा इनचार्ज इब्रा गावचा. ओमानी माणूस, हिंदी माझ्यापेक्षा बरी बोलतो, मला मात्र मुहंदिस, म्हणजे इंजिनिअर, अशीच हाक मारतो. एकदा चहा पिताना म्हणाला, “मुहंदिस, तुझं ते मशीन चांदी ओळखतं का?”

म्हटलं, “चांदी काय, चांदीचा विचारही ओळखतं.”

मग त्यानं सांगितलं. त्याच्या आईच्या लग्नातल्या हारात चांदीची जुनी मोठी नाणी होती, ज्यांना हे लोक कर्श म्हणतात. मधल्या नाण्याची कडी लग्नाआधीच तुटली होती, ती तिच्या बापानं घरीच तांब्याचा डाग देऊन जोडली होती. बाप त्याच वर्षी गेला. पुढं खजुराच्या बागेत पाटाला पाणी सोडताना तेच नाणं पडलं. म्हातारीनं बाकीचा हार मुलींना वाटून टाकला, पण त्या एका नाण्यासाठी ती अजून पाटाच्या कडेनं बघत चालते.

“भावानं एकदा सूकमधून, बाजारातून तसलंच नाणं आणून दिलं, सापडलं म्हणून,” तो म्हणाला. “तिनं कडी चाचपली आणि परत त्याच्या खिशात घातलं. आठवडाभर त्याच्याशी बोलली नाही. खोटं तिला खपत नाही.”

पुढच्या शुक्रवारी आम्ही दोघं त्या बागेत. ऊन असं, की झाडावरचे खजूर माझ्यादेखत सुकत होते. मशीन पहिल्या तासात गाढवाचा नाल, टूनाचे डबे, बंदुकीच्या पुंगळ्या आणि एक अख्खं फावडं बोललं. चार तासांनी पाटाच्या वळणावर, कोपरभर खोल चिखलात ते ओरडलं. हातात डांबराच्या वडीसारखं काहीतरी आलं. वर अर्धी कडी, आणि कडीच्या बुडाशी हिरवट तांबडा ठिपका. स्टोअर इनचार्ज खाली चिखलात बसला. एरवी हा माणूस स्वतःच्या चपलेवर धूळ बसू देत नाही.

त्याची आई त्या आठवड्यात लेकीकडे सूरला गेली होती. तो म्हणाला, “तूच ठेव. पुढच्या शुक्रवारी तुझ्या हातानं दे. मान तुझा आहे.”

इथं मी गाढवपणा केला. चिखल सुटावा म्हणून नाणं साध्या पाण्यात ठेवतात, तसं ठेवलं. ठेवलं कशात, तर वाटीत. आणि वाटी कुठं, तर स्वयंपाकघराच्या ओट्यावर. तशीच विसरलो. पुण्याहून दिवाळीला आलेल्या सासूबाई घरात असताना.

“वाटीत होतं,” सासूबाई म्हणाल्या. “मला वाटलं, भिजत घातलंय. बाईचं तोंड आहे, लक्ष्मीसारखं अंगानं भरलेलं, म्हटलं पूजेला काढलं असेल. चिंचेनं घासलं, मिठानं घासलं, मग रांगोळीनं. तीन वेळा पाणी बदललं हो.”

“तुला हजारदा सांगितलंय,” बायको मला म्हणाली, “ओट्यावर वाटीत जे ठेवशील ते घासलं जाणार.”

“तो तुझ्या आईच्या देव्हाऱ्यातला टाक नव्हता.”

“मग चिठ्ठी लावायची. मशिनींना लावतोस ना, हात लावू नये म्हणून?”

मी काय काय बोललो ते लिहीत नाही. पुण्यातल्या समस्त चिंचेच्या झाडांचा उद्धार केला, सासूबाईंच्या व्हिसाचाही केला. त्या पदरानं राणीचं कुंकू पुसत राहिल्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, “तुकडा कचऱ्यात टाकला. पिशवी सकाळी खाली गेली.”

मी मशीन उचललं आणि जिना उतरलो. कचऱ्याचा डबा माणसाएवढा, आणि अख्खा लोखंडाचा. मशीन जवळ नेलं की ते दहा मुली सासरी निघाल्यासारखं गळा काढायचं. पिशव्या बाहेर काढून फुटपाथवर एकेक तपासल्या. चिवड्याची चंदेरी पाकिटं, औषधांच्या पट्ट्या, आमच्याच घरातला हरवलेला चमचा. आमच्या भागातलं अख्खं मदिनत सुलतान काबूस गाड्या हळू करून बघत होतं. तांब्याचा डाग दिलेला तो हरभऱ्याएवढा तुकडा काही सापडला नाही.

स्टोअर इनचार्जला सांगितलं, तेव्हा त्यानं बागेत काढलेला फोटो फोनमध्ये उघडून बघितला. मग म्हणाला, “मी पाहिलंय ना डोळ्यांनी. मी सांगेन.”

त्या शुक्रवारी इब्राला जाताना दोन तास गाडीत मी एकटाच भांडत होतो. सासूबाईंशी, चिंचेशी, वाटीशी. तो ऐकत होता आणि मधून मधून “खलास, मुहंदिस” म्हणत होता.

म्हातारी बागेत चटईवर बसली होती. खजूर झाला, कॉफी झाली. मी नाणं तिच्या हातात ठेवलं. तिनं ते बघितलंच नाही. अंगठा कडेवर टेकवला आणि सावकाश गोल फिरवला. ते मी दिवसातून हजार वेळा करतो, त्यामुळे ती काय शोधतेय हे मला तिच्याआधी कळत होतं.

मुलगा भराभर बोलायला लागला. मला अरबी येते ती कारखान्यापुरती, तरी चिखल आणि वल्ला, म्हणजे देवाशपथ, एवढं कळलं. त्यानं फोनमधला फोटो दाखवला. फोटोत चिखल लागलेला हात होता आणि हातात चिखल होता. मीही हातवारे करून चिंच, रांगोळी, कानस असं सगळं सांगितलं. सासू ह्या शब्दाचा हातवारा मात्र मला जमला नाही. म्हातारीनं दोघांचंही शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग नाणं माझ्या तळहातावर ठेवलं, माझी बोटं मिटवली आणि तीन-चार शब्द बोलली.

मुलगा पाटाच्या पाण्याकडे बघत राहिला.

“काय म्हणाल्या?” मी विचारलं.

“म्हणते, सूकमधलं आहे. जेवून जा.”