अठ्ठेचाळीसवर लॉक केलेलं पाणी

आधीच सांगून टाकतो, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. आमच्या घरात आजोबांपासूनच कुणाचा नव्हता. आम्ही अमरावतीकडचे बौद्ध. घरात मुहूर्त नाही, श्राद्ध नाही, दृष्ट काढणं नाही. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेले. मी हे लिहितोय असं दिसलं असतं, तर त्यांनी चष्मा वर करून विचारलं असतं, "काय फालतूपणा लावला बाप्पा?"

तर... गुरुग्राममध्ये चार मजली इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर आम्ही राहतो. मी, बायको सीमा, मुलगी आर्या. आई गेल्यावर बाबाही आमच्याकडे आले. वर गच्ची आहे आणि गच्चीवर हीट पंप. माझं कामच ते — लोकांच्या इमारतींत हे पंप बसवतो. बाहेरच्या हवेतली ऊब ओढून घ्यायची आणि पाण्यात सोडायची, एवढंच ते मशीन करतं. हिवाळ्यात फरशीखालच्या नळ्यांतून गरम पाणी फिरतं, घर उबदार राहतं. आंघोळीच्या पाण्याची टाकीही त्याच्यावरच. फक्त पाणी जितकं जास्त गरम मागाल, तितका त्याला त्रास. म्हणून मी टाकी अठ्ठेचाळीस डिग्रीवर ठेवली आणि पॅसेजमधल्या पॅनलला पिन टाकून लॉक केलं. इतर घरांतही मी हेच करतो.

बाबांना ते चालेना. त्यांची आंघोळ म्हणजे आधी बादलीत कढत पाणी, मग मगाने थंड पाण्याचं विसण घालायचं, हाताने ढवळून पाहायचं, अजून अर्धा मग. अठ्ठेचाळीसचं पाणी टाकीतून नळापर्यंत येईतो आणखी उतरायचं. त्यात विसण काय घालणार?

"पाणी कढत नाही आलं रे आजही," ते पंचा गुंडाळून दारात उभे राहून म्हणायचे. "विसण घालायला जागाच नाही ठेवली तू."

"आजोबा, विसण म्हणजे क्या?" आर्या विचारायची.

आणि मी लॅपटॉपमधून मान न काढता म्हणायचो, "बाबा, मशीनच तेवढं देतं."

हे खोटं होतं. मशीन साठ देऊ शकतं. मला फक्त माझं सेटिंग बिघडवायचं नव्हतं. बाबांनी माझ्यावर विश्वास ठेवला, मुलगा इंजिनियर आहे म्हणून. नंतर नंतर ते बोलायचेही बंद झाले.

जानेवारीत, धुक्याच्या आठवड्यात, ते गेले. हार्ट. दोन दिवस हॉस्पिटलमध्ये होते. मी सर्टिफिकेट आणलं, स्मशानात उभा राहिलो, घरी वंदना झाली, आलेल्यांना चहा दिला. रडू आलं नाही. आतून काहीच येत नव्हतं. सीमा माझ्याकडे बघत राहायची, मी फोनकडे.

आठवड्याभराने तीच म्हणाली, "अहो, बाबांच्या बाथरूमचं पाणी एवढं गरम कसं येतंय? हात पोळला माझा."

मी पॅनल पाहिलं. साठ. हिस्टरी उघडली. गेले सहा दिवस, रोज सकाळी पाच-दहाला, अठ्ठेचाळीसचं साठ केलेलं. पुढे लिहिलेलं — पॅनलवरून, पिन टाकून. आणि रोज संध्याकाळी लॉकमुळे आपोआप परत अठ्ठेचाळीस.

बाबा पाच-दहालाच उठायचे. पण पिन त्यांनाच काय, घरात कुणालाच माहीत नव्हता.

जंतू मारायला टाकी आठवड्यातून एकदा साठवर जाते, पण ते रविवारी दुपारी. मी पिन बदलला. दुसऱ्या दिवशी साठ. कंपनीचा टेक्निशियन बोलावला. त्याने सगळं तपासलं, सेन्सर नवीन टाकला, डोकं खाजवलं. "सर, सिस्टम बिल्कुल ठीक है. किसी ने हाथ से ही किया है."

मग मी हाताने अठ्ठेचाळीस करून पॅनल भिंतीवरून काढलं, बॅगेत घातलं आणि सकाळीच ऑफिसला घेऊन गेलो. दोन दिवस ते तिथे माझ्या ड्रॉवरमध्ये होतं. पॅनल नसलं की पंप शेवटच्या सेटिंगवर चालत राहतो, म्हणजे अठ्ठेचाळीसवर. दुसऱ्या दिवशी सकाळी नळाखाली थर्मामीटर धरला. अठ्ठावन्न.

मला भीती वाटली नाही. हे लिहायला लाज वाटते, पण काहीच वाटलं नाही. मी त्यांच्या बाथरूमच्या उंबऱ्यावर बसून राहिलो. बादली तिथेच होती, मगही. वाफ येत होती. आणि माझ्या तोंडून निघालं,

"बाबा, मशीन देत होतं. मीच देत नव्हतो."

सीमा मागे उभी होती. ती वळली, आत गेली आणि आर्याचा डबा भरायला लागली.

त्या दिवशी पॅनल परत भिंतीवर लावलं, लॉक काढलं आणि माझ्या हाताने साठ केलं. आता त्याच बाथरूममध्ये मी आंघोळ करतो. बादली भरतो, विसण घालतो. माझा अंदाज चुकतो, कधी फार थंड होतं.

त्यानंतर हिस्टरीत पाच-दहाची एकही नोंद नाही. कृपया सेन्सर, वायरिंग, सॉफ्टवेअर हे मला लिहून पाठवू नका. ते सगळं मी पाहिलंय, माझा धंदाच तो आहे. उत्तर माझ्याकडे नाही.

अधूनमधून मी रात्री झोपायच्या आधी मुद्दाम अठ्ठेचाळीस करून ठेवतो. सकाळी उठून आधी पॅनल बघतो.

अठ्ठेचाळीसच असतं.