माझ्या अंगाचा साचा

चिलखत माझ्या अंगावरून काढलं आणि त्यांनी ते अंगणात उन्हात पालथं घातलं. छाती खाली, पोकळी वर. मग रमाकांतची चुलती तांब्या घेऊन आली. तांब्यात गोमूत्र होतं. तिनं बोटं बुडवली आणि थोड्या वेळापूर्वी जिथं माझी छाती होती तिथं शिंपडलं. पाठीच्या भागात शिंपडलं. टोपात तर तिनं चूळभर ओतलंच.

मी तिथंच उभा होतो. बनियनवर. घामानं निथळत. कुणी जा म्हणालं नाही, कुणी थांब म्हणालं नाही.

सुधीर माझ्याजवळ आला. हळू आवाजात म्हणाला, "मनावर घेऊ नको रे. म्हाताऱ्या माणसांचं समाधान, दुसरं काय."

जिनं शिंपडलं ती म्हातारी नव्हती. बी.ए. झालेली होती.

हे उमरग्यात घडलं. मी तेव्हा हायवेवरच्या एका दवाखान्यात ड्रेसर होतो. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर ट्रक उलटायचे, मोटारसायकली घसरायच्या, आणि हातपाय मोडलेली माणसं आमच्याकडं यायची. डॉक्टर हाड बसवायचे. मी प्लास्टरच्या पट्ट्या भिजवून द्यायचो, गुंडाळायचो. दुष्काळ होता. विहिरी तळाला गेल्या होत्या. माय रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जात होती. बाप नव्हता. माझ्या पगारावर घर होतं आणि मला त्याचा तोरा होता. भीमनगरातून पांढरा शर्ट घालून निघायचो मी.

सुधीर डॉक्टरांचा धाकटा भाऊ. औरंगाबादला इंजिनिअरिंगला होता, नापास होऊन एक वर्ष बुडालं म्हणून घरी आला होता. त्याचा दोस्त रमाकांत. रमाकांतचे वडील दूध सोसायटीचे चेअरमन. दोघांनाही काम नव्हतं आणि डॉक्टरांच्या घरी नवा व्हिडिओ आला होता. हैदराबादहून कुणीतरी एका इंग्रजी सिनेमाची कॅसेट आणली. दुसऱ्या ग्रहावरच्या पहारेकऱ्याचा सिनेमा. तांबूस रंगाचं चिलखत, छातीवर फासळ्यांसारख्या पट्ट्या, आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत एकच काळी काच. त्या काचेआड कोण आहे, शेवटपर्यंत दिसत नाही.

सिनेमा मी दारात बसून बघितला. गोष्ट कळली नाही. चिलखत कळलं.

सुधीर म्हणाला, "हे आपण करायचं. पडद्यावर आहे तसं. हुबेहूब."

तो शब्द मग आमचा झाला. हुबेहूब. चित्र थांबवायचं, ते थरथरायचं, मधून पांढरी रेघ पळायची. तेवढ्यात टीव्हीच्या काचेवर बटर पेपर धरून मी पट्ट्या उतरवून घ्यायचो. खांद्याची वाटी किती खोल, यावर आम्ही भांडलोय. रमाकांत म्हणायचा, एवढं कोण बघतंय. मी म्हणायचो, आपण बघतोय ना. सुधीर माझ्या पाठीवर थाप मारायचा. "आपल्या टोळीत खरा वेडा हाच."

आपल्या टोळीत. मला ते ऐकायला गोड लागायचं. आज सांगायला लाज वाटत नाही, पण तोंड कडू होतं. दवाखाना सुटला की मी घरी जात नव्हतो. दवाखान्यामागंच डॉक्टरांचं घर, तिथल्या कोठीत जायचो. ट्रकच्या बॉड्या रंगवणारा गफूर यायचा. चहा यायचा. सुधीर-रमाकांतला कपबशीत आणि गफूरला आणि मला दवाखान्यातल्या ग्लासात, पेशंट औषध घेतात त्या. मी समजायचो, कप कमी असतील.

चिलखत अंगाबरहुकूम हवं तर आधी अंगाचा साचा हवा. सुधीर गोल होता, रमाकांत बुटका. पडद्यावरचा पहारेकरी उंच, खांदे रुंद, पोट पाठीला लागलेलं. सुधीरनं माझ्याकडं बघितलं.

"तू उभा राहा. तुझी बॉडी डिट्टो तशी आहे."

ती बॉडी खाणीत झाली होती. शाळा बुडवून मी आज्याबरोबर दगड काढायला जायचो. एकदा दगड निसटला आणि डावं गळ्याचं हाड मोडलं. तेव्हा दवाखाना कुठला. ते वाकडंच सांधलं. तिथं अजून उंचवटा आहे.

मी शर्ट काढून कोठीत उभा राहिलो. सुधीरनं माझ्या अंगाला व्हॅसलीन चोळलं. छातीला, पोटाला, काखेत. मग दोघांनी ओल्या पट्ट्या लावल्या, हातानं दाबून दाबून. प्लास्टर घट्ट होताना गरम होतं. मी हलायचं नव्हतं. सुधीर माझ्या कपाळावरचा घाम त्याच्या स्वतःच्या रुमालानं पुसत होता. मला वाटलं, याच्याइतका जवळचा माणूस मला नाही. खोटं सांगत नाही. वाटलं.

शिवाशिव तेव्हा कुठं गेली होती, हे मी नंतर लई दिवस विचारत होतो. उत्तर सोपं होतं. तेव्हा अंग हवं होतं.

कवच कापून काढलं, त्यात पुन्हा प्लास्टर ओतलं, आणि कोठीत माझं धड उभं राहिलं. बिनडोक्याचं. गळ्याच्या हाडाचा उंचवटासुद्धा त्यात आला होता. त्या धडावर आम्ही चिलखत चढवलं. जुन्या धोतराच्या पट्ट्या आणि सरस, थरावर थर. सरस जनावराच्या हाडाकातड्याचा असतो. कोठीभर वास सुटायचा. त्याचं कुणाला काही वाटलं नाही. गफूरनं ट्रकचा रंग फवारला. वाळल्यावर सुधीरनं घालून बघितलं, पोटावर बसेना. रमाकांतच्या खांद्यावरून घसरलं. मी घातलं. एकेक पट्टा सुधीरनं आवळला आणि दोन पावलं मागं सरकला.

गफूर म्हणाला, "या अल्ला. ये तो परदे में से उतरा."

त्या वर्षी सहकार सप्ताहाच्या मिरवणुकीत दूध सोसायटीचा चित्ररथ होता. थर्माकोलची दुधाची नदी. तालुक्यात जनावरं चाऱ्यावाचून बाजारात निघाली होती आणि ट्रॅक्टरवर दुधाची नदी. रमाकांतनं वडलांना पटवलं, नदीकाठी पुढच्या शतकातला पहारेकरी उभा करू. सहकाराचा रक्षक. चेअरमन खूश झाले. पाटी रंगवली गेली.

"तूच घाल," सुधीर म्हणाला. "फक्त टोप काढायचा नाही. सिनेमात कुठं काढतो तो?"

मला ते पटलं. हुबेहूब म्हणजे हुबेहूब.

मिरवणुकीत लोक वेडे झाले. पोरं ट्रॅक्टरमागं पळत होती. ज्या गल्लीतून जाताना माझी माय पदर सावरून कडेकडेनं चालायची, त्या गल्लीत बायका ओट्यावर येऊन मला बघत होत्या. एकीनं टोपाला कुंकू लावलं. आत मला श्वास पुरत नव्हता आणि मी हसत होतो.

मिरवणूक रमाकांतच्या घराशी थांबली. सगळ्यांना तिथं जेवण होतं. पोरांनी माझे हात धरून ओढलं, ओसरीवरून थेट माजघरात. सुधीर मागं राहिला होता. आत रमाकांतची आजी पाटावर बसली होती. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मायाळू म्हातारी.

"आरं लेकरा, जीव घुसमटंल तुजा. काढ ते तोंडावरचं. पानी पी."

तिनं स्वतः उठून तांब्या भरून आणला. दुष्काळातलं पाणी. मी टोप काढला. तिचा हात पुढं होता, माझाही पुढं झाला.

"कुनाचा रं तू?"

मी बापाचं नाव सांगितलं. भीमनगर म्हणालो.

तिचा हात मागं गेला. जोरात नाही. चटका बसल्यावर जातो तसाही नाही. सावकाश, सवयीनं गेला. तांब्या तिनं आपल्याजवळ खाली ठेवला. दारात रमाकांत येऊन थांबला होता, त्याला म्हणाली, "सांगायचं तरी, बाबा."

मला पाणी मिळालं नाही.

रमाकांतनं मला दंडाला धरून अंगणात आणलं. सुधीर धावत आला. पट्टे सोडवायला वेळ लागतो, म्हणून त्यानं ते सुरीनं कापले. सकाळी ज्या हातानं आवळले होते त्याच हातानं. मग पालथं चिलखत, मग तांब्या. ते सांगितलंच.

घरी आलो तेव्हा माय कामावरून आली होती. भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीखाली बसून हाताच्या फोडांना तेल लावत होती. मी सगळं सांगितलं. ती रडली नाही. ऐकून घेतलं आणि विचारलं, "आन तुज्या अंगाचं ते पुतळं? ते कुठं हाय?"

"त्यांच्याच कोठीत."

"म्हंजी तुला उंबऱ्याभाईर काडलं आन तुजं अंग घरात ठिवून घेतलं व्हय?"

मी तिच्याकडं बघत राहिलो. मी सिनेमा बघितला, कागदावर पट्ट्या उतरवल्या, वाटीच्या खोलीवरून भांडलो. हे मला दिसलं नव्हतं. खडी फोडणाऱ्या बाईला एका दमात दिसलं.

दुपार कलल्यावर भीमनगराच्या तोंडाशी स्कूटरचा हॉर्न वाजला. सुधीर. तो स्कूटरवरून उतरला नाही. मी गेलो.

"संध्याकाळी बक्षीस आहे," तो म्हणाला. "चित्ररथाच्या बक्षिसाची ढाल पाहुणे पहारेकऱ्याच्या हातात देणार. पट्टे नवे लावलेत. आतून अस्तरही नवं लावलंय. तू ये."

"गोमूत्र वाळलं का?"

"हे बघ, मी मानत नाही ते. तुला माहीत आहे."

"मग तू घाल."

"मला बसत नाही ना."

"टोप काढून घेऊ का ढाल?"

तो खाली बघायला लागला. स्कूटर चालूच होती. "कशाला वाढवतो? एवढी मेहनत केलीय आपण. सिनेमात तरी कुठं काढतो तो?"

"न्हाय," मी म्हणालो.

"काय नाही?"

"येत न्हाय. आन माझा साचा मला पाहिजे."

तो हसला. खरंच हसला. "साचा? प्लास्टर दवाखान्याचं आहे."

"प्लास्टर ठिव. अंग माझं हाय."

त्याला वाटलं मी रागात बोलतोय, उतरेल. तो गेला. मी माझी सायकल काढली आणि दवाखान्यात गेलो. कोठीला कुलूप नसायचं. माझं धड कोपऱ्यात उभं होतं. त्याच्या खांद्यावर कुणीतरी ओला टॉवेल वाळत घातला होता. तो मी काढून खुंटीला लावला. मग खाटेची मोडकी लोखंडी पट्टी घेतली आणि पहिला घाव छातीवर घातला. प्लास्टर आतून अजून दमट होतं, एकदम फुटलं नाही. मी मारत राहिलो. गळ्याच्या हाडापाशी आलो तेव्हा हात थांबला, आणि मग तिथंच सगळ्यात जोरानं मारलं.

आवाजानं डॉक्टर आले. शांत माणूस. माझ्याशी कधी वाकडं बोलले नव्हते.

"काय चाललंय हे?"

"माझा साचा फोडतोय, साहेब."

"नोकरी नकोय का तुला?"

मी पट्टी खाली ठेवली. "सकाळी तुमच्या भावानं माझ्यासमोर माझ्या घामावर गोमूत्र शिंपडू दिलं. तुम्हाला कळलं असंल."

"कळलं. चुकीचं झालं. पण त्याचा राग या वस्तूवर कशाला?"

"ही वस्तू न्हाय, साहेब."

त्यांनी तुकड्यांकडं बघितलं. म्हणाले, "झाडून घे आणि जा. उद्यापासून येऊ नको."

मी झाडलं नाही. तसाच निघालो. तोवर सगळी जमीन मीच झाडत आलो होतो.

संध्याकाळी बक्षीस त्यांनाच मिळालं. गफूरनं सांगितलं, चिलखत बांबूच्या तिकटीवर चढवून स्टेजवर उभं केलं होतं. टोप तिरका बसला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आत माणूस नाही म्हणून कुणाचं काही अडलं नाही. ते ऐकून मला बरं वाटलं नाही. मला वाटलं होतं, माझ्यावाचून अडेल.

माझ्या नोकरीवाचून मात्र घर अडलं. उमरग्यातल्या दुसऱ्या दवाखान्यात मी गेलो, तर तिथं माझ्याआधी निरोप पोचला होता, पोरगा माथेफिरू आहे म्हणून. मी मायबरोबर खडीवर जायला लागलो. सुधीर पुन्हा औरंगाबादला गेला. त्यानं माझी कधी चौकशी केली असेल, नसेल. मला कळलं नाही आणि मी विचारलं नाही.

उन्हाळा तापला तेव्हा एक दिवस गफूर खडीच्या कामावर आला. सायकल टेकवून माझ्याजवळ उकिडवा बसला.

"डॉक्टरसाब बुलारे," तो म्हणाला. "नवीन पोरगा प्लास्टर ढिलं बांधतोय. माफी माँग ले, बस. मागच्या दारानं जा, गुपचूप. रख लेते बोले."

माय जवळच बसली होती. तिनं हातोडी थांबवली नाही आणि मान वर केली नाही. घरात त्या दिवशी भाकरीला पीठ नव्हतं, हे तिला आणि मला माहीत होतं. तिनं मला जा म्हटलं असतं तर मी गेलो असतो का? माहीत नाही.

मी गफूरला म्हणालो, "सांगशील का, मी बोलतो ते जसंच्या तसं?"

"बोल."

"माफी मी मागणार न्हाय. मागच्या दारानं येणार न्हाय. तोंड झाकून कुठंच उभा राहणार न्हाय, ना त्यांच्या दारात, ना त्यांच्या रथावर. माझं नाव ऐकून ज्या घरातला हात मागं जातो, त्या घराला माझं अंग मिळणार न्हाय. कामाला न्हाय आन हौसंला बी न्हाय."

"इतना सब बोलूँ?"

"एक शब्द गाळू नको."

तो उठला, सायकल घेऊन उमरग्याच्या दिशेनं गेला. मायनं तिच्यापुढचा एक मोठा धोंडा माझ्याकडं सरकवला. मी हातोडी घेतली.